मासा, निखारे आणि आंबट

जगाचा नकाशा पुढे ठेवून समुद्रकिनाऱ्यावरून बोट फिरवत गेलो, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. भाजलेला किंवा तळलेला मासा ताटात आला की त्याच्या शेजारी काहीतरी आंबट असतेच. भूमध्य समुद्राच्या काठी लिंबाची फोड असते. इंग्लंडमध्ये माल्टचे व्हिनेगर असते. पेरू देशात मासा लिंबाच्या रसातच मुरवतात. आपल्या कोकणात कोकम, चिंच, आंबाडे आणि उन्हाळ्यात कैरी. आंबट पदार्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा. जोडी मात्र तीच.

ही केवळ चवीची सवय आहे, असे म्हणून प्रश्न मिटवता येईल. पण सवयी काही कारणाने पडतात, आणि ते कारण शोधणे हा विज्ञानाच्या इतिहासातला मनोरंजक भाग असतो. स्वयंपाक करणाऱ्यांनी शतकानुशतके जे केले त्याचा अर्थ रसायनशास्त्राला गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांत तुकड्यातुकड्याने कळत गेला. तो कळताना आणखीही एक गोष्ट लक्षात आली: ही सवय बरोबर असली तरी तिच्यावर जितका भरवसा ठेवला जातो तितका ठेवण्यासारखी ती नाही. हा सगळा प्रवास या लेखात आम्ही मांडत आहोत.

निखाऱ्यांचा पुरावा

सुरुवात निखाऱ्यांपासून करू. माणूस मासा केव्हापासून भाजून खाऊ लागला? मांसाच्या बाबतीत जळलेली हाडे सापडतात, पण माशाचे काटे नाजूक. ते मातीत टिकत नाहीत. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे फार दिवस अवघड होते.

उत्तर इस्रायलमध्ये गेशेर बनोत याकोव्ह नावाचे एक प्राचीन स्थळ आहे. तिथे एकेकाळी मोठे सरोवर होते. या ठिकाणच्या सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीच्या थरांत माशांचे दात मोठ्या संख्येने सापडले, काटे मात्र अगदी थोडे. हे दात कार्पवर्गातील, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातील मोठ्या माशांचे होते. या माशांना जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. २०२२ साली संशोधकांनी या दातांवरील एनॅमलची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. एनॅमलमधले स्फटिक उष्णतेने वाढतात, आणि किती वाढले यावरून तापमानाचा अंदाज येतो. दातांना उष्णता लागली होती, पण ती ५०० अंश सेल्सिअसपेक्षा कमी होती. म्हणजे मासे आगीत पडून जळलेले नव्हते, तर बेताच्या आचेवर शिजवलेले होते. स्वयंपाकाचा आतापर्यंत मिळालेला हा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. तो आपल्या जातीच्याही आधीचा आहे, कारण आधुनिक मानवाचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत.

एका लहानशा दाताच्या स्फटिकरचनेतून चुलीची आच मोजता येते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. इतिहासाचा पुरावा नेहमी ताम्रपटावर लिहिलेला असतोच असे नाही.

पांढरे मांस पांढरे का?

निखाऱ्यांवर भाजायला मासा जितका सोयीचा तितके मटण नाही. मटण शिजायला तासभर लागतो, मासा काही मिनिटांत होतो. पापलेट, जिताडा, घोळ अशा पांढऱ्या मांसाच्या माशांबाबत हे विशेष जाणवते. याचे कारण त्यांच्या स्नायूंच्या रचनेत आहे.

लाल आणि पांढरे स्नायू वेगळ्या पद्धतीने काम करतात, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ लुई-आंत्वान रांव्हिए यांनी १८७३ साली प्रयोगांनी दाखवले. लाल स्नायू सावकाश पण बराच वेळ आकुंचन पावतात. पांढरे झटकन आकुंचन पावतात आणि लवकर थकतात. लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. ते स्नायूंत ऑक्सिजन साठवून ठेवते. या प्रथिनाची त्रिमितीय रचना जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली उलगडून दाखवली आणि १९६२ साली त्यांना मॅक्स पेरुट्झ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. केंड्र्यू यांनी त्यासाठी स्पर्म व्हेलचे मायोग्लोबिन घेतले होते. श्वास रोखून तासभर खोल पाण्यात राहणाऱ्या या सस्तन प्राण्याच्या स्नायूंत ते भरपूर असते.

माशाचे गणित निराळे आहे. पाण्यातून सावकाश फिरणाऱ्या माशाला बहुतेक वेळ थोडीच शक्ती लागते. ती पुरवणारा लाल स्नायूंचा एक पट्टा त्याच्या कुशीवर कातडीखाली असतो. बाकीचे बहुतेक मांस म्हणजे पांढरे स्नायू. शत्रू दिसला की निसटण्यासाठी किंवा भक्ष्यावर झेप घेण्यासाठी राखून ठेवलेले. बांगडा, तारली, कुपा हे मासे सतत आणि वेगाने पोहतात, म्हणून त्यांच्यात गडद मांसाचे प्रमाण जास्त. ताटातल्या माशाचा रंग पाहून त्याच्या आयुष्याची थोडी कल्पना येते, ती अशी.

आता शिजण्याचा प्रश्न. जमिनीवरच्या प्राण्याला स्वतःचे वजन पेलावे लागते, म्हणून त्याच्या स्नायूंत कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे भरपूर असतात. माशाचे वजन पाणी पेलते. त्याच्या स्नायूंत कोलॅजेन कमी, आणि जे असते ते कमी तापमानाला विरघळून जिलेटिन बनते. माशाचे स्नायू आखूड थरांच्या रूपात रचलेले असतात आणि दोन थरांमध्ये कोलॅजेनचा पातळ पडदा असतो. ५५ ते ६० अंशांच्या सुमारास हे पडदे विरघळलेले असतात, आणि बोटाने दाबले की मांसाच्या पाकळ्या सुटतात. मासा शिजला की नाही हे पाहण्याची घरोघरची रीत हीच. त्याहून फार पुढे तापवत नेले की स्नायूंतले पाणी निथळते आणि मासा कोरडा, चोथ्यासारखा होतो.

बाहेरच्या बाजूला मात्र वेगळे घडत असते. निखाऱ्यांसमोरचा पृष्ठभाग सुकतो, त्याचे तापमान १४० अंशांच्या पुढे जाते, आणि प्रथिनांचे घटक व शर्करा यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. लुई-कामिय माईयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या अभिक्रियेचे वर्णन १९१२ साली केले. पावाची साल, भाजलेले शेंगदाणे, भाजलेला मासा या सर्वांचा खमंगपणा तिच्यामुळेच. चांगला भाजलेला मासा म्हणजे बाहेर १४० अंशांच्या वर आणि आत ६० अंशांच्या आसपास. हा फरक साधायला आच तीव्र आणि वेळ थोडा हवा. निखारे तेच करतात.

आंबटाच्या जुन्या नोंदी

निखाऱ्यांचा पुरावा दातांत मिळाला, आंबटाचा मात्र लेखी साहित्यात शोधावा लागतो. रोमन साम्राज्यातील पाककृतींचा एक संग्रह अपिकियस या नावाने प्रसिद्ध आहे. आज मिळते ते संकलन इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातले असावे, असे समजले जाते. तळलेला मासा बरेच दिवस टिकावा म्हणून तो कढईतून काढल्याबरोबर त्यावर गरम व्हिनेगर ओतावे, असे त्यात सांगितले आहे. इराणमध्ये व्हिनेगर घातलेल्या रश्शाला सिकबाज म्हणत. ‘सिक’ म्हणजे व्हिनेगर. हा पदार्थ मूळचा मांसाचा. अरबांबरोबर तो भूमध्य समुद्राच्या काठाने पश्चिमेकडे गेला, वाटेत त्यात मांसाऐवजी मासा आला, आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये त्याचे नाव एस्काबेचे झाले. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकल्यावर तोच पदार्थ गोव्यात पोहोचला; गोव्यातील ख्रिस्ती घरांत तो आजही केला जातो.

आपल्याकडची नोंद पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण. राजाने कसे राहावे, काय खावे, कशात मन रमवावे याचा हा शंभर अध्यायांचा कोशच आहे. त्यात मासे गळाला लावण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि अन्नाच्या प्रकरणात माशाचे तुकडे चिंचेच्या कोळाबरोबर शिजवण्याची कृतीही आहे. चिंचेचे झाड मूळचे आफ्रिकेतले, पण ते इथे इतके रुजले होते की अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असे नाव दिले. युरोपीय भाषांत तिचे नाव त्यावरूनच आले.

कोकमाची नोंद गोव्यात मिळते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने ‘ब्रिंदोंइश’ या फळाचे वर्णन केले आहे: आतून रक्तासारखे लाल, चवीला फार आंबट, साल व्हिनेगर करण्यासाठी उपयोगी. हे फळ म्हणजे कोकणीतले भिरंड, आपले रातांबे. रातांब्याची साल त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवली की आमसूल तयार होते. फळे उन्हाळ्यात पिकतात आणि वाळवायला ऊनही तेव्हाच मिळते, हा योग कोकणाने पुरेपूर साधला आहे.

या सर्व आंबट पदार्थांत नेमके काय असते, हे कळायला वेळ लागला. स्वीडनमध्ये औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या कार्ल विल्हेल्म शेले याने १७८४ साली लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल वेगळे केले. त्याच्या काही वर्षे आधी त्याने टार्टारिक आम्लही शुद्ध स्वरूपात मिळवले होते. चिंचेतले मुख्य आम्ल हेच. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल असते. कोकमाच्या कुळातील फळांत मात्र सायट्रिक किंवा टार्टारिक आम्लच असावे, असा समज बराच काळ होता. १९६५ साली लुईस आणि नीलकंठन या भारतीय शास्त्रज्ञांनी कोकमाच्या जवळच्या नात्यातील मलबारी चिंचेचे आम्ल तपासले. ते सायट्रिक आम्लाचे भाऊबंद असलेले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल निघाले. कोकमातही मुख्यत्वे तेच असते. म्हणजे शेलेच्या लिंबानंतर आपल्या आमसुलाचे रहस्य उलगडायला आणखी १८० वर्षे लागली.

आम्ले चार, पण चारही जण हायड्रोजन आयन देतात. माशाच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढेच.

वासाचे रसायन

समुद्रातून नुकत्याच काढलेल्या माशाला आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो जवळजवळ नसतोच. तो नंतर येतो. तो कुठून येतो?

१८५०च्या सुमारास लंडनमध्ये ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ अमोनियातील हायड्रोजनच्या जागी एकामागून एक कार्बनी गट बसवून अमाइन या संयुगांची मालिका तयार करत होता. त्याच दशकात खारवलेल्या हेरिंग माशांच्या खाऱ्या पाण्यातून एक उग्र वासाचा आम्लारी वेगळा केला गेला. त्यात कार्बनचे ३, हायड्रोजनचे ९ आणि नायट्रोजनचा १ अणू होता. प्रथम तो प्रोपिलअमाइन समजला गेला, पण पुढे तो ट्रायमिथाइलअमाइन ठरला. अणू तेच, संख्या तीच, फक्त जोडणी निराळी. समघटकता शिकवताना याहून घरगुती उदाहरण क्वचितच मिळेल.

ट्रायमिथाइलअमाइन साधारण ३ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे आपल्या हवेत ते वायूरूपच असते. म्हणूनच ते सहज नाकापर्यंत पोहोचते. पण जिवंत माशात ते फारसे नसते. तिथे असते ते त्याचे ऑक्साइड, ज्याला वास नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शार्कवर्गीय माशांच्या स्नायूंत आढळले, आणि नंतर समुद्रातल्या बहुतेक माशांत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शरीरातले पाणी आणि क्षार यांचा तोल सांभाळायला ते मदत करते. खोल समुद्रातील प्रचंड दाबाखाली प्रथिनांची घडी टिकवून धरायलाही ते उपयोगी पडते. खोली वाढत जाते तसे माशांच्या शरीरातले त्याचे प्रमाण वाढते. या वाढीवरून २०१४ साली संशोधकांनी हिशेब मांडला, की साधारण ८,२०० मीटरच्या खाली मासा राहू शकणार नाही. २०२२ साली जपानजवळच्या एका गर्तेत ८,३३६ मीटरवर मासा चित्रित झाला. अंदाज आणि निरीक्षण एकमेकांच्या इतके जवळ येतात, ते पाहून समाधान वाटते.

मासा मेला की त्याच्यावरचे जीवाणू या ऑक्साइडमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि मागे राहते ते ट्रायमिथाइलअमाइन. बर्फात हे काम सावकाश चालते, उन्हाळ्याच्या हवेत झपाट्याने. म्हणजे माशाचा वास हे एक प्रकारचे घड्याळ आहे. मासा पाण्याबाहेर किती काळ आणि कशा अवस्थेत होता, हे तो सांगतो. मुशीसारख्या शार्कवर्गीय माशांत युरियाही भरपूर असतो. त्याचा अमोनिया होतो, म्हणून शिळ्या मुशीचा वास अधिकच झोंबतो.

आता लिंबू पिळले की काय होते पाहा. ट्रायमिथाइलअमाइन आम्लारी आहे. आम्लातला हायड्रोजन आयन घेऊन ते क्षार बनते. क्षार पाण्यात विरघळलेला राहतो, हवेत उडत नाही. नाकापर्यंत काही पोहोचतच नाही, म्हणून वास येत नाही. इतके साधे.

पण मग सोमेश्वराच्या राज्यातले नदीतले मासे? गोड्या पाण्यातल्या माशांत हे ऑक्साइड फारच थोडे असते. तरी त्यांना चिंच कशाला? याचे एक उत्तर मातीच्या वासात आहे. तळ्यातल्या किंवा संथ नदीतल्या माशाला चिखलाचा वास येतो. तो जिओस्मिन या संयुगाचा. काही जीवाणू आणि निळे-हिरवे सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत साठते. अमेरिकेतील गर्बर आणि लेशेव्हालिए यांनी १९६५ साली ते वेगळे करून त्याला हे नाव दिले. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास आपल्याला हवाहवासा वाटतो, त्यातला मोठा वाटा याच जिओस्मिनचा. मातीत आवडतो, माशात नको असतो. आणि हे संयुग आम्लात टिकत नाही. त्याचे बिनवासाच्या पदार्थात रूपांतर होते, हेही त्याच संशोधकांना आढळले. खाऱ्या पाण्याचा वास वेगळा, गोड्या पाण्याचा वेगळा, दोघांची रसायने वेगळी. उतारा मात्र एकच सापडला होता.

आंबट आधी की नंतर?

आम्लाचा दुसरा परिणाम प्रथिनांवर होतो. प्रथिनाचा लांब रेणू ठरावीक पद्धतीने घडी घालून ठेवलेला असतो. उष्णतेने ती घडी मोडते, तशीच आम्लानेही मोडते. मोडलेले रेणू एकमेकांत गुंततात, त्यांच्यातून प्रकाश आरपार जात नाही, आणि काचेसारखे दिसणारे कच्चे मांस पांढरे, घट्ट होते. दुधात लिंबू पिळले की ते फाटते, ही या घटनेची जवळची नातलग. पेरूमधील सेविचे हा पदार्थ याच गुणावर उभा आहे. माशाचे तुकडे लिंबाचा रस, मीठ, कांदा आणि मिरची यांत थोडा वेळ ठेवतात. विस्तवाचा संबंधच नाही. लिंबू तिकडे स्पॅनिश लोकांनी नेले. लिंबूवर्गाचे मूळ घर मात्र हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडचा प्रदेश. त्यात आपला आसामही येतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने सेविचेच्या परंपरेची जगाच्या अमूर्त वारशात नोंद केली.

निखाऱ्यांवरच्या माशाला मात्र हा गुण थोडा अडचणीचा ठरतो. आंबटात मासा तास न् तास मुरवला तर तो निखाऱ्यांवर जाण्याआधीच घट्ट होतो आणि पाणी सोडतो. ओल्या पृष्ठभागाचे तापमान १४० अंशांपर्यंत जायला वेळ लागतो. शिवाय माईयारची अभिक्रिया आम्लात मंदावते, कारण तिच्यात भाग घेणारे प्रथिनांचे अमिनो गट हायड्रोजन आयन धरून बसतात. म्हणून भाजायच्या माशाला आगळ किंवा लिंबू लावून थोडाच वेळ ठेवावे आणि बाकीचे आंबट ताटात शेजारी द्यावे: कैरीची कोशिंबीर, सोलकढी, लिंबाची फोड. जगभर हे आंबट बहुधा शेजारीच का येते, याचे एक कारण इथे सापडते.

आंबट काय करत नाही

इथपर्यंत आंबटाच्या बाजूचा हिशेब झाला. आता दुसरी बाजू.

‘लिंबाने मासा शिजतो’ असे म्हटले जाते. दिसायला तसे दिसते खरे. पण शिजण्याचे दोन अर्थ आहेत: प्रथिनांची घडी मोडणे, आणि आतले सजीव मरणे. उष्णता दोन्ही करते. आम्ल पहिले नक्की करते, दुसरे अर्धवट.

१९६० साली नेदरलँड्समधील फान टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटात तीव्र वेदना होणाऱ्या काही रुग्णांच्या आतड्यात एका समुद्री कृमीची अळी सापडल्याचे प्रसिद्ध केले. हे रुग्ण कच्ची, हलकी खारवलेली हेरिंग खाणारे होते. अनिसाकिस कुळातील ही अळी मिठाला किंवा व्हिनेगरला सहजी दाद देत नाही. लिंबाच्या रसातही ती जिवंत राहते. १९६८ साली त्या देशाने अशी हेरिंग आधी गोठवण्याचा कायदा केला आणि रुग्णांची संख्या झपाट्याने घटली. उणे २० अंशांना सात दिवस गोठवले किंवा नीट शिजवले की ती मरते. इथे आंबटाचा उपयोग नाही. थंडी किंवा आच हवी.

दुसरे उदाहरण पेरूचे. १९९१ च्या जानेवारीत तिथल्या किनाऱ्यावरील गावांत पटकीची साथ आली. दक्षिण अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षांनी हा रोग परतला होता. त्या एका वर्षात पेरूमध्ये तीन लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे २,९०० माणसे दगावली. संशयाची सुई सेविचेकडे वळली. मासेमारीचा धंदा बसू लागला, तेव्हा अध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांनी दूरचित्रवाणीवर मासा खाऊन दाखवला.

शास्त्रीय उत्तर दोन्ही बाजूंना पूर्णपणे सोयीचे नव्हते. पटकीचा जीवाणू आम्लाला फार नाजूक असतो. लिंबाच्या रसात तो काही मिनिटांत मोठ्या प्रमाणावर मरतो. त्यामुळे सेविचे हे साथीचे मुख्य कारण नव्हते. तपासात दोष निघाला तो मुख्यतः पाण्याचा: नळाच्या पाण्यात पुरेसे क्लोरीन नव्हते आणि लोक ते न उकळता पीत होते. पण रस कमी पडला, मासा क्षणभरच बुडवला, हात किंवा भांडी दूषित पाण्याने धुतली, तर लिंबाचे संरक्षण राहत नाही. एका माणसाने पडद्यावर मासा खाल्ल्याने यातले काहीच सिद्ध होत नव्हते. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो; त्याचे हे सार्वजनिक उदाहरण म्हणावे लागेल.

तिसरी गोष्ट आपल्या घराच्या जवळची आहे. बांगडा, कुपा, सुरमई अशा माशांत हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बरेच असते. मासा उन्हात किंवा बर्फाविना राहिला की जीवाणू त्याचे हिस्टॅमिन करतात. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. लोकांना ती माशाची ॲलर्जी वाटते. हिस्टॅमिन तयार झाल्यावर ते शिजवूनही जात नाही आणि आंबटानेही जात नाही. पापलेटसारख्या पांढऱ्या माशांत हा धोका कमी, पण म्हणून बर्फाची गरज कमी होत नाही.

आणि इथेच या जुन्या जोडीतली खरी मेख आहे. आंबट घातले की ट्रायमिथाइलअमाइनचा वास जातो. पण हा वासच तर मासा शिळा झाल्याची सूचना होती. आंबट मासा ताजा करत नाही. तो घड्याळाचा आवाज तेवढा बंद करतो. अपिकियसचे गरम व्हिनेगर मासा टिकवत असे, कारण तो नुकताच तळलेला असे आणि भरपूर व्हिनेगरने भिजत असे. तयार शिळ्या माशावर पिळलेले अर्धे लिंबू तसे काही करत नाही. बाजारात कोळीण कल्ले उचलून आतला लाल रंग दाखवते, आपण डोळे पाहतो, बोटाने दाबून पाहतो, वास घेतो. ही परीक्षा लिंबू पिळण्याच्या आधीच करायची असते. नंतर नाक साक्ष देत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा सगळा मुद्दा चार लहान बाटल्यांत दाखवता येतो. समुद्रातला मासा धुतलेले थोडे पाणी झाकून, सावलीत चार-पाच तास ठेवावे. मग ते चार बाटल्यांत सारखे वाटून घ्यावे. पहिली तशीच ठेवावी. दुसरीत चुन्याची निवळी घालावी. तिसरीत आणि चौथीत लिंबाचा रस घालावा. झाकणे लावून हलवावे. एकेक झाकण उघडून हाताने वारा घेत वास पाहावा. बाटली नाकाला लावू नये. पाणी चाखण्याचा प्रश्नच नाही, आणि शेवटी सर्वांनी साबणाने हात धुवावेत. मासे न खाणाऱ्या विद्यार्थ्यांनी लांबून निरीक्षणे नोंदवली तरी चालेल.

पहिल्या बाटलीला माशाचा नेहमीचा वास असेल. दुसरीतला वास वाढलेला आढळेल, कारण चुन्यासारखा तीव्र आम्लारी आला की ट्रायमिथाइलअमाइन मोकळे होते. तिसरी आणि चौथी जवळजवळ शांत असतील. इथे विद्यार्थ्यांना विचारावे: वास नाहीसा झाला, की लपला? उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत. नंतर चौथ्या बाटलीत, लिंबाचा आंबटपणा पुरता मरेपर्यंत, चुन्याची निवळी थोडी थोडी घालत जावी आणि झाकण पुन्हा उघडावे.